टाक्यांची पावलं

"रात्री झोप लागली का?" असं सकाळी विचारलं, की आई उजवं मनगट डोळ्यांजवळ न्यायची, कपाळावरचा चष्मा खाली ओढायची आणि म्हणायची, "थांब, बघून सांगते."

स्वतःची झोप! बघून सांगते! पापण्या सुजलेल्या, आवाज बसलेला, जिना उतरून दुकानात येईपर्यंत दोनदा कठड्याला टेकलेली, आणि ही बाई मला मनगटावरचं घड्याळ वाचून सांगायची, की झोप उत्तम झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी शटर जरा जास्तच जोरात वर ढकलायचे.

आमचं कपडे दुरुस्तीचं आणि फिटिंगचं दुकान आहे. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, फाटलं-उसवलं सगळं. आई खिडकीशी हातशिलाईला बसते, मी मशीनवर. ती दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहते, माझं घर पुढच्या चौकात. धाकटा भाऊ लांबच्या शहरात, विमानाने यावं इतका लांब. घड्याळ त्यानेच पाठवलं. नाडी मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं, आणि मोजलेलं सगळं त्याच्या फोनवर जातं.

"आता मी तुझ्यापासून लांब नाही," असं त्याने आईला सांगितलं. आई दिवसभर गिऱ्हाइकांना मनगट दाखवत होती.

घड्याळ उजव्या हातात का, तर डावं मनगट मोकळं नाही. तिथे टाचण्यांची गादी असते. लग्नाच्या आधीपासून ती तिथे आहे. आंघोळीला जातानाही कधीकधी काढायची विसरते. धाकट्याने फोनवरून शिकवलं होतं, की घड्याळ डाव्या हातात घाल, पण टाचण्या आणि काच एका मनगटावर कशा नांदणार? मग आईने ते सुई धरायच्या हाताला बांधलं. एवढ्याशा गोष्टीने पुढे काय घडवलं, ते ऐका.

दर संध्याकाळी धाकट्याचा निरोप यायचा. "आई, आज कमाल केलीस!" "आई, तू माझ्यापेक्षा जास्त चाललीस!" पुढे टाळ्यांची चित्रं. आई मला वाचून दाखवायला लावायची, वाचता येत असूनही. मी विचारायचे, "कुठे चाललीस गं तू? सकाळपासून त्या स्टुलावरून उठली नाहीस." ती म्हणायची, "होतं की येणं-जाणं. तुझं लक्ष कुठे असतं?"

येणं-जाणं कसलं? चहाला उठायची तेवढंच. आणि ते उठणंही हल्ली अवघड झालं होतं. टेबलाला दोन्ही हात लावून उभी राहायची, तशीच थांबायची, जणू कशाला उठले हेच विसरली आहे. बोलताना वाक्य मध्येच सोडून श्वास घ्यायची. दोरा दाताने तोडायचा, तर त्यालाही आधी दम खायची. मी सांगितलं, चल डॉक्टरकडे. ती म्हणाली, धाकट्याला विचारते.

धाकट्याने डॉक्टरही फोनमधलाच शोधला. दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघी फोनसमोर बसलो. एका चौकोनात डॉक्टर, एका चौकोनात धाकटा, आणि आमच्या चौकोनात माझा अर्धा कान आणि आईचं कपाळ. डॉक्टरांनी आईकडे एकदा बघितलं असेल नसेल. मग कुठेतरी बाजूला बघत म्हणाले, "वा! या वयात इतकं चालणारी माणसं मला क्वचित दिसतात. झोप छान आहे. नाडी थोडी वर आहे, पण एवढ्या हालचालीला ते साहजिकच आहे."

"डॉक्टर, तिला जिना चढवत नाही," मी म्हटलं.

"काही मनावर ताण आहे का?"

"पाय जड होतात हो," आई हळूच म्हणाली.

"बसून काम असतं ना तुमचं? मग पाय जड होणारच."

मला राहवलं नाही. "आत्ताच म्हणालात खूप चालते, आता म्हणताय बसून असते! एक काहीतरी ठरवा!"

"ताई," धाकटा त्याच्या चौकोनातून म्हणाला, "डॉक्टरांना बोलू दे ना."

निदान झालं चिंतेचं. उपाय, दीर्घ श्वसन. धाकट्याने लगेच घड्याळात तशी सोय करून दिली. तेव्हापासून अधूनमधून ते घड्याळ थरथरायचं आणि काचेवर अक्षरं यायची, श्वास घ्या. आई हातातलं काम ठेवून डोळे मिटायची.

"आठवण करून देतं बिचारं," ती म्हणायची.

"हो, नाहीतर तू घेणारच नव्हतीस!"

तिला हसू यायचं आणि हसताना धाप लागायची. मला मात्र हसू येत नव्हतं. मला एकच हवं होतं, कुणीतरी हिला हात लावून तपासावं आणि ते वेळेत व्हावं. पण ते म्हटलं, की आई मनगट पुढे करायची. डॉक्टर म्हणालेत ना. आकडा चांगला आहे ना. माझे दोन डोळे तिच्यापासून हातभर अंतरावर होते, त्यांना काही किंमतच नव्हती.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. मखमलीचा, जाड, एवढा मोठा की दुकानात उलगडला तर दारातून बाहेर पडेल. त्याचा खालचा काठ दुमडून शिवायचा होता. आई म्हणाली, मखमल मशीनखाली सरकते, टीप वाकडी येते, मी हातानेच घालते. पडद्याचा ढीग मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. सुई खुपसायची, दोरा ओढायचा, हात पार कानापर्यंत वर. पुन्हा सुई, पुन्हा हात वर. मी समोरच पॅन्टची कंबर उसवत होते आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. हात वर गेला, आकडा वाढला. हात खाली आला, वर गेला, आकडा वाढला.

मी जवळ जाऊन बघितलं. ती टाका घालत होती, घड्याळ पाऊल मोजत होतं.

म्हणजे माझी आई ज्या दिवशी अजिबात हलत नव्हती, कंबर वाकवून सबंध दिवस एका स्टुलावर बसलेली असायची, त्याच दिवशी ती सगळ्यात जास्त चालायची! आणि तिकडे लांबच्या शहरात बसून आमचे बंधुराज टाळ्या वाजवत होते.

मी घड्याळ काढून स्वतःच्या हाताला बांधलं, स्टुलावर बसून दहा-बारा टाके घातले, त्याचा व्हिडिओ केला आणि धाकट्याला पाठवला. त्याचा फोन आला.

"थोडंफार मागेपुढे होतंच गं ताई. त्यात हिशोब असतो त्याचा, चुका गाळून टाकतो तो."

"गाळतो काय? ती बसली आहे, बसली! तुला दिसत नाहीये का?"

"तुला पहिल्यापासून त्या घड्याळाचा राग आहे. मी पाठवलंय म्हणून."

राग तर होताच. मी रोज तिच्या शेजारी राबणार, तिची औषधं आणणार, तिच्या कुरबुरी ऐकणार, आणि हा एक डबी पाठवून श्रवणबाळ होणार. मी फोन आपटला. त्यानंतर मी रोज आकड्याचे फोटो काढून त्याला पाठवायला लागले, हा बघ, बसल्या बसल्या एवढा, हा बघ, आणखी एवढा. तो हसरे चेहरे पाठवायचा. माझा नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं भावंडं त्या घड्याळाची ताबेदारी करताय." मी त्याच्यावरही ओरडले.

पडद्याचा काठ निम्मा झाला आणि आईकडचं गडद लाल रीळ संपलं. "वर कपाटात आहे, आण जा," ती कामाच्या नादात म्हणाली. लगेच दचकली. "राहू दे, मी जाते." पण तोवर मी जिना चढले होते.

वरची खोली बघितली आणि मी दारातच थांबले. पलंगावर गिऱ्हाइकांचे कपडे रचलेले होते. कोट, घागरे, गणवेश, एकावर एक. सगळ्यात खालच्या चिठ्ठ्या महिन्यापूर्वीच्या. त्या पलंगावर महिनाभर कुणी पाठ टेकलेली नव्हती. आणि खिडकीजवळ आमच्या ट्रायल रूममधली हातांची खुर्ची. तिचा पाय निखळला, दुरुस्तीला दिली, असं आईने मला सांगितलं होतं. खुर्चीत उशी, उशीवर दुमडलेलं पांघरूण.

ती बसून झोपत होती. आडवं झालं की जीव घाबरत असणार, म्हणून बसून. आणि बसलेला माणूस हलत नाही, म्हणून घड्याळ म्हणत होतं, झोप उत्तम.

मी खाली आले. रीळबीळ काही आणलं नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या पायातला लोकरीचा मोजा ओढला. तो निघेना. ओढून काढला तर नडगीवर त्याच्या काठाची खोल रेघ. मी अंगठ्याने घोट्याच्या वर दाबलं आणि अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला.

"काय चाललंय, गिऱ्हाईक येईल," आई म्हणाली.

"येऊ दे."

आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. तो भरून यायला तयारच नव्हता.

"पण आजचा आकडा बघितलास का?" तिने विचारलं.

"खड्ड्यात गेला तुझा आकडा!"

मी इतकी जोरात ओरडले, की शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच धावत आला. त्याच्याकडे बघून माझ्या लक्षात आलं, खुर्ची वर कुणी नेली ते. "तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं. तो खाली मान घालून म्हणाला, "त्यांनी शपथ घातली होती." मग त्यानेच टॅक्सी आणली. पडदा तसाच स्टुलावर पडलेला, सुई त्यात खुपसलेली, मी शटर ओढलं.

रुग्णालयात जी डॉक्टर होती ती जेमतेम पंचविशीची असेल. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तिने आईचा पाय दाबला, मानेची शीर बघितली, पाठीला नळी लावली आणि विचारलं, "किती उशा घेऊन झोपता?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"ती खुर्चीत झोपते," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून," आई म्हणाली. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आणि आडवं झाल्यावर कसं वाटतं? नीट सांगा, कसं वाटतं ते."

आईने बराच विचार केला. कापडाबद्दल विचारलं असतं तर ती तासभर बोलली असती. स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे तिच्याकडे शब्दच नव्हते. शेवटी म्हणाली, "कोटाला आतून अस्तर असतं ना, तसं आतलं अस्तर ओलं झाल्यासारखं. जड. वाळतच नाही."

डॉक्टरने मान डोलावली. छातीत पाणी साठलं होतं. हृदय थकलं होतं, पुरेसं ढकलत नव्हतं. आणखी थोडे दिवस तसेच गेले असते तर काय, ते तिने मला बाहेर बोलावून सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकलं. जुळवलेली वाक्यं कुणाला ऐकवायची, तेच कळेना.

ती वाक्यं दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या वाट्याला आली. तो बॅग ओढत थेट विमानतळावरून आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि बघायला लागला, कुठे, तर आईच्या डोक्याशी लावलेल्या मॉनिटरवरच्या आकड्यांकडे. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

"तिकडे काय बघतोस? ती खाली आहे, खाटेवर!"

"ताई, सगळं नीट दिसत होतं गं. मी रोज बघत होतो. रोज."

"आकडे बघत होतास! एकदा तरी फोन करून विचारलंस, की बाई, तुला श्वास लागतो का?"

"विचारलं!" तोही ओरडला. जाणारी परिचारिका थांबली. "दर रविवारी विचारायचो. ती काय म्हणायची? बरं आहे. बाबा गेले तेव्हाही बरं आहे म्हणाली होती, पाय मोडला तेव्हाही बरं आहे. तिच्या आवाजावरून मला काहीही कळत नाही. मला वाटलं, घड्याळ तरी खोटं बोलणार नाही."

तो रडायला लागला. मला त्याचा राग आला होता तो गेला नाही, पण तो नेमका कुठे ठेवायचा ते समजेना. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. खोटं कुणी बोललंच असेल, तर ते घड्याळ नव्हतं.

संध्याकाळी तो खाली जेवायला गेला आणि मी आईजवळ बसले. पाणी उतरायच्या औषधाने तिचे पाय पुन्हा ओळखीचे दिसायला लागले होते. ती म्हणाली, "पडद्याची मुदत?"

"गेला पडदा. उरलेला काठ मी मशीनवर घालते."

"येतो मशीनवर," ती म्हणाली. "जरा कागद घालावा लागतो खाली, सरकत नाही मग."

मी तिच्याकडे बघितलं. "तूच म्हणालीस, वाकडी येते टीप."

ती खिडकीकडे बघायला लागली.

"आई. तुला माहीत होतं, टाक्याला पाऊल पडतं ते?"

"दुसऱ्याच आठवड्यात कळलं. डोळे आहेत मला." तिने पांघरुणाचा काठ बोटांनी चाचपला. "आकडा कमी झाला, की तो लगेच म्हणायचा, सुट्टी काढून येतो. नवी नोकरी आहे त्याची. कशाला उगाच? वाढला की खूश व्हायचा."

म्हणजे मी समजत होते, की ते यंत्र आईला फसवतंय. आणि ही स्टुलावर बसून, धापा टाकत, मांडीवर मखमलीचं ओझं घेऊन, एकेक टाका घालून मुलासाठी चालत होती!

"आणि मी? त्याची नोकरी, त्याची सुट्टी, त्याची खुशी! मी हातभर अंतरावर बसले होते, मला का फसवलंस?"

"तुला कुठे फसवलं?" तिला खरंच नवल वाटलं. "खुर्चीचं तेवढं सांगितलं नाही. बाकी तुझ्यापासून काय लपणार? तू शेजारीच होतीस. मला वाटलं, तुला दिसतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पण तू रोज त्या घड्याळाशीच भांडत होतीस."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. दिसतंय म्हणून सांगायचं नाही? तोंड कशाला दिलंय? मी हे सगळं बोलले, मोठ्याने बोलले, बाजूच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. आईने ऐकून घेतलं. तिचा हात माझ्या हातात होता आणि मी बोलत असताना तो सोडला नव्हता, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

आईला घरी सोडलं त्या दिवशी रुग्णालयातच ते घड्याळ मी कचऱ्यात टाकायला निघाले होते. डॉक्टरने अडवलं. नाडीचा आकडा ठेवा म्हणाली, उपयोगाचा आहे, पावलांचा सोडून द्या. वजनकाटाही घ्यायला लावला, रोज सकाळी वजन करायचं, अचानक वाढलं तर पाणी साठतंय समजायचं. बरं. आता काटा आहे, घड्याळही आहे, आणि त्याशिवाय रोज सकाळी मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबते. ती कुरकुरते. मी ऐकत नाही. पलंगावरचे कपडे खाली आणले, खुर्ची ट्रायल रूममध्ये परत गेली.

धाकटा परत गेला. जाताना मी त्याला सांगितलं, की यापुढे टाळ्यांची चित्रं पाठवलीस, तर मी तुझा नंबर बंद करीन. फोन करायचा आणि विचारायचं. आईला वेगळं सांगितलं, 'बरं आहे' हे उत्तर या दुकानात चालणार नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आई खिडकीशी एका कोटाची बाही उसवत बसली होती. मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"आई, कशी आहेस?"

"बरं..." ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. माझ्या हातात मोठी कात्री होती. मी ती मुद्दाम खाली ठेवली नाही.

आईने कोट मांडीवर ठेवला. डोळे मिटले, पण घड्याळ थरथरलं म्हणून नव्हे. छातीवर तळवा ठेवून ती बराच वेळ आत काहीतरी चाचपत राहिली. फोनवर धाकटा गप्प होता. एरवी एव्हाना त्याने दुसरं काहीतरी विचारून टाकलं असतं.

"आज अस्तर जरा ओलं आहे," आई म्हणाली.

मग त्याने विचारलं, "किती ओलं?"

मी कात्री खाली ठेवली आणि शटर ओढायला उठले. सांगू दे तिला नीट, वेळ लागला तरी चालेल. टॅक्सी नंतर बोलावता येईल.